विभाग एक, गट आठ, दार पाच

पोम्पेईत शिरल्यावर पहिला अर्धा तास मला काहीच उमगत नव्हतं. नेपल्सहून लोकल गाडीने आलो, पोर्ता मरीना नावाच्या वेशीची चढण चढलो आणि समोर नुसत्या भिंती. छप्पर नसलेल्या, एकसारख्या, नजर पोचेल तिथवर. जवळपास ६६ हेक्टरांचं शहर, त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. रोमन इतिहास मी शाळेत वाचला असेल तेवढाच. आता यात बघायचं कुठे, हेच कळेना.

मोठ्या घोळक्यामागे धावायचं नाही म्हणून आम्ही दोघांनी आमच्यापुरती एक गाइड ठरवली होती. पुरातत्त्व शिकलेल्या, नेपल्सच्याच बाई. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र. सम्राटांची नावं ऐकायला मिळतील अशी माझी अपेक्षा होती. बाई म्हणाल्या, आधी खाली बघा.

रस्त्यावर काळ्या लाव्हा दगडाच्या मोठाल्या फरश्या. ठिकठिकाणी रस्त्याच्या मधोमध उंच दगड ओळीने बसवलेले. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, तेव्हा लोक या दगडांवर पाय ठेवून पलीकडे जायचे. दोन दगडांमधलं अंतर असं राखलंय की गाडीची चाकं बरोबर त्यातून निघून जातील. चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या अजून तशाच आहेत. मग त्यांनी एका दुकानाच्या उंबऱ्यापाशी बसायला सांगितलं. उंबऱ्याच्या दगडात एक लांब खाच, आणि तिच्या टोकाला गोल भोक. खाचेत एकेक फळी सरकवत जायची आणि शेवटचं दार भोकातल्या खुंटीवर फिरवून बंद करायचं. मी खाचेतून बोट फिरवलं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आमच्या जालन्याच्या जुन्या बाजारात फळ्या लावून बंद होणारी दुकानं मी पाहिलेली आहेत. त्या उंबऱ्यापाशी पहिल्यांदा वाटलं की हे शहर आपल्याला कळू शकेल.

तिथून पुढे भिंती बोलायला लागल्या. लाव्हा दगडाची उभी जाती आणि शेजारी भट्टी दिसली की ती बेकरी. अशाच एका भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले होते. ओट्यात तोंडापर्यंत बुजवलेले रांजण दिसले की ते खाणावळीवजा दुकान. भिंतीवर लाल अक्षरं दिसली की बहुधा निवडणुकीचा प्रचार: अमक्याला निवडून द्या, कधी खाली पाठिंबा देणाऱ्या धंदेवाल्यांची नावं. सार्वजनिक स्नानगृहाच्या कमानदार छताला आडव्या पन्हळी पाडलेल्या होत्या. वाफेचं पाणी अंगावर ठिबकू नये, भिंतीवरून ओघळून जावं म्हणून.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याआधी, इ.स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला होता आणि बऱ्याच इमारतींची डागडुजी तेव्हाही चालूच होती. उद्रेकाच्या पहिल्या दिवशी हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला आणि त्या भाराने छपरं खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त राख आणि वायूचे लोट शहरावर आले. मागे राहिलेले लोक त्यात गेले. राख घट्ट झाली, देह कुजून गेले, आत पोकळ्या उरल्या. ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि माणसांचे आकार परत मिळाले. शहराच्या दक्षिण टोकाला एका बागेत असे तेरा जण आहेत, त्यांत लहान मुलंही. लोक तिथे हसत फोटो काढत होते. बाई हळूच म्हणाल्या, या प्लास्टरच्या आत त्यांची हाडं आहेत. मी कॅमेरा बॅगेत ठेवला. तिथे फोटोला बंदी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच फियोरेल्लींनी शहराला पत्ते दिले. आधी विभाग, मग रस्त्यांनी वेढलेला घरांचा गट, मग दाराचा क्रमांक. तीन आकड्यांत कुठलंही घर सापडतं. हे समजल्यावर माझा उरलासुरला गोंधळ संपला आणि मी स्वतःच पाट्या वाचत पुढे निघालो. बाईंनी विचारलं, भारतात कुठले तुम्ही? महाराष्ट्र म्हटल्यावर त्या थबकल्या आणि म्हणाल्या, मग विभाग एक, गट आठ शोधा.

तो गट व्हिया देल्ला'ब्बोंदान्सा या हमरस्त्यावर आहे. आठव्या दाराला रांजणांच्या ओट्याचं दुकान, मागच्या भिंतीवर देवघराचं चित्र आणि त्यात व्यापाराचा देव मर्क्युरी. त्याच्यापासून जवळच पाचवं दार. १९३८ मध्ये या घरात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती मिळाली: अंगभर दागिने ल्यायलेली स्त्री, दोन्ही बाजूंना दासी. पोम्पेईची लक्ष्मी असं तिचं नाव पडलं. ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. घराला कुलूप होतं. मी दारापाशी उभा राहून पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो, कारण याच घडणीची हस्तिदंती मूर्ती, तुटलेल्या अवस्थेत, आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. तशीच एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. त्यामुळे पोम्पेईची मूर्तीही सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, असं एक मत आहे. तिच्यावर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून काही जण तिचा प्रवास वायव्येकडून झाला असं मानतात. मी यातला जाणकार नाही. पण केळना नदीकाठचं भोकरदन मी एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलंय आणि कुणी मला हे कधी सांगितलं नव्हतं, याची हळहळ त्या दारात फार वाटली.

मूर्ती नंतर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहिली. वीतभराहून थोडी उंच, डोक्याच्या वर एक भोक. कुठल्या तरी वस्तूचा आधार म्हणून ती घडवली असावी.

पोम्पेईला जाणार असाल तर गाइडवर खर्च करा आणि नेपल्सच्या संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. मंगळवार मात्र टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. इटलीला जाणं जमणार नसेल तर तेरला जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती आहे आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणाही आहेत. मुलांना बरोबर न्या.