न भरणारा व्रण

वाचकहो, आपल्या घरी कुत्रे किंवा मांजर पाळलेले असेल, तर त्याच्या तोंडात आपण शेवटचे केव्हा डोकावून पाहिले, याचे उत्तर मनाशी देऊन मगच पुढे वाचावे, अशी माझी विनंती आहे. हा प्रश्न मला कोणी वेळेवर विचारला असता, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचा प्रसंग कदाचित माझ्यावर आला नसता.

माझा व्यवसाय भाषांतराचा. इतर भाषांतील लेख या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी उतरवून काढावयाचे, मुद्रिते तपासावयाची आणि शब्दांची निवड करावयाची, हे माझे नित्याचे काम. बिऱ्हाड नवा रायपुर येथे आहे. छत्तीसगढ राज्य २००० साली अस्तित्वात आले आणि रायपुरापासून काही अंतरावर, शेतांच्या व तळ्यांच्या प्रदेशात, ही नवी राजधानी वसविण्यात आली. रस्ते रुंद, वस्ती विरळ. दिवेलागण झाली की सगळीकडे सामसूम होते. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीमुळेच आमचे कुटुंब या प्रांतात आले आणि इथलेच होऊन राहिले. जुन्या रायपुरातील घर सोडून आम्ही इकडे आलो, तेव्हा सामानाच्या गाडीत चालकाशेजारी अप्पा बसले होते आणि अप्पांच्या मांडीवर काळू होता.

काळू हा कोणत्याही नामांकित जातीचा कुत्रा नव्हता. रस्त्यावरचे एक काळेकुट्ट पिल्लू पावसात भिजत दारात आले आणि घरचेच झाले, एवढीच त्याची वंशावळ. अकराव्या वर्षी त्याच्या खाण्यात फरक पडू लागला. भाकरीचा तुकडा तो एकाच बाजूने चावी. मधूनच तो तोंडातून खाली पडे. तोंडाला दुर्गंधी येऊ लागली आणि निजावयाच्या पोत्यावर लाळेचे किंचित तांबूस डाग दिसू लागले. “म्हातारा झाला रे तो,” आई म्हणाली, आणि ते आम्हां सर्वांना पटले. वार्धक्य हे असे सोयीचे कारण आहे की त्याखाली कोणतेही लक्षण झाकता येते.

पुढे एक दाढ हलू लागली, तेव्हा मी त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी ती काढली आणि पंधरा दिवसांनी जखम पुन्हा दाखवावयास सांगितले. मी गेलो तो दीड महिन्याने. मधल्या काळात कार्यालयात विशेषांकाची घाई होती. त्याच अंकासाठी मी मुखाच्या कर्करोगाविषयीचा एक लेख मराठीत उतरवीत होतो. तोंडातील जो व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाही, तो वैद्यांस अवश्य दाखवावा, असे त्यात एक वाक्य होते. येथे ‘व्रण’ शब्द ठेवावा की ‘जखम’, यावर मी एका सहकाऱ्याशी बराच वेळ चर्चा केली. घरी पोत्यावर पडलेल्या मुक्या जिवाच्या तोंडात तसाच व्रण आहे, हे मात्र माझ्या ध्यानी आले नाही.

दुसऱ्या खेपेस वैद्यांनी काळूचा ओठ वर उचलला आणि मला जवळ बोलावले. काढलेल्या दाढेच्या जागी काळसर मांसाची गाठ वाढलेली होती. तिचा लहानसा तुकडा तपासणीस पाठविण्यात आला आणि छातीचे क्ष-किरण चित्र घेण्यात आले. निदान झाले ते मेलॅनोमाचे, म्हणजे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे. कुत्र्यांच्या तोंडात होणाऱ्या घातक गाठींत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. तो हिरडीतून जबड्याच्या हाडात शिरतो, गळ्याच्या लसीका-ग्रंथींत जातो आणि तेथून फुप्फुसांत. काळूच्या फुप्फुसांत तो पोचला होता.

“गाठ दोन सेंटीमीटरच्या आत असताना सापडली असती, तर जबड्याचा तेवढा भाग काढता आला असता,” वैद्य म्हणाले. कुत्र्याचा अर्धा जबडा काढावयाचा ही कल्पनाच मला असह्य वाटली. परंतु त्यांनी समजावून सांगितले, की अशा शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री थोड्याच दिवसांत पुन्हा खाऊ लागतात. जीभ एका बाजूस थोडी लोंबते, एवढेच. आरशात पाहून दुःख करण्याची सवय त्यांना नसते. सर्वच गाठी मेलॅनोमासारख्या पसरणाऱ्याही नसतात. हिरडीवरील काही गाठी जागच्या जागी हाड पोखरतात, परंतु शरीरात अन्यत्र जात नाहीत. त्या मुळासकट वेळीच काढल्या, तर जनावर पूर्ण बरे होते. म्हणूनच गाठीचा तुकडा तपासल्यावाचून आशा सोडू नये, आणि ‘साधीच असेल’ असे म्हणून स्वस्थही बसू नये.

काळूवर शस्त्रक्रिया करावयाची नाही, असे आम्ही ठरविले. त्याला वेदनाशामक औषध देत गेलो, भात कुस्करून भरवीत गेलो. येथे एक सूचना करणे माझे कर्तव्य आहे. माणसांसाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या जनावरांस आपल्या मनाने कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांच्या जठरास व मूत्रपिंडांस घातक ठरते.

त्या दिवसांत वैद्यांच्या दवाखान्यातील बाकावर बसून मी पुष्कळ शिकलो. शेजारी एक बाई मांजर घेऊन बसत. मांजर खात होते. तरी महिन्यामागून महिना वाळत होते आणि अधूनमधून ओकत होते. केस गिळल्यामुळे ओकते, अशी घरच्यांची समजूत. तपासणीत आतड्यातील लिंफोमा निघाला. मांजरांच्या पचनमार्गातील कर्करोगांत हाच मुख्य होय. त्याचा मंद गतीने वाढणारा प्रकार गोळ्यांनी आवरता येतो, आणि अशी मांजरे पुष्कळदा दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ बरी राहतात. मांजरांच्या तोंडात मात्र स्क्वेमस पेशींचा कर्करोग अधिक. तो बहुधा जिभेखाली लपतो, त्यामुळे उशिरा दिसतो. कुत्र्यांत जठराचा कर्करोग विरळ. पण वारंवार उलट्या, घटणारे वजन आणि डांबरासारखी काळी विष्ठा ही त्याची लक्षणे होत. शौचाच्या वेळी कुंथणे आणि ताजे रक्त पडणे हे गुदाशयातील गाठीचे चिन्ह असू शकते. अर्थात प्रत्येक उलटी म्हणजे कर्करोग नव्हे. जंत, गिळलेले हाडूक, मूत्रपिंडाचा विकार अशी कारणेही असतात. परंतु त्यांचा निवाडा पशुवैद्यांनी करावा, आपण नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली, तिच्याकडे वळतो. एके संध्याकाळी मी काळूचा ओठ उचलून औषधाच्या पाण्याने व्रण धूत होतो. अप्पा पलीकडे खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांच्या हातात नेहमीची तंबाखूची डबी होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डबी खाली ठेवून म्हणाले, “त्याचं झालं की माझंही जरा बघ.”

चाळीस वर्षे डाव्या गालात जेथे तंबाखूची चिमूट राही, तेथे एक पांढरा, खरखरीत चट्टा होता. किती दिवस आहे, असे मी विचारले. “असेल वर्षभर,” ते म्हणाले. एका घरात, एका छपराखाली, दोन तोंडांत दोन दुखणी वाढत होती, आणि जो बोलू शकत होता तोही बोलला नव्हता.

आमच्या या नगरात २०१८ पासून बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे रुग्णालय आहे. त्याच्यावरून मी कितीदा गेलो असेन. आत जाण्याचे कारण आपल्याला पडेल, असे वाटले नव्हते. अप्पांच्या चट्ट्याचा तुकडा तपासला गेला. तो कर्करोग नव्हता. कर्करोगाच्या आधीची अवस्था होती. तंबाखू सोडावी आणि नियमाने दाखवीत राहावे, असा सल्ला मिळाला. छत्तीसगढात हा प्रश्न एका घराचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत येथील प्रौढांपैकी सुमारे ३९ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, असे आढळले होते. कित्येक घरांत स्त्रिया गुडाखूने दात घासतात, जशा आपल्याकडे मशेरीने.

काळूचा रोग तंबाखूने झाला, असे मी म्हणत नाही. कुत्र्यांतील मेलॅनोमाचे तसे कारण सिद्ध झालेले नाही. मांजरांची गोष्ट निराळी. धुराचे कण त्यांच्या केसांवर बसतात आणि अंग चाटताना पोटात जातात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान चालणाऱ्या घरांतील मांजरांस लिंफोमाचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे दिसून आले.

काळू त्यानंतर सात आठवडे जगला. शेवटच्या दिवशी वैद्य घरी आले. त्याचे डोके अप्पांच्या मांडीवर होते, जसे नव्या घरी येताना होते.

अप्पांनी तंबाखू सोडली, पण एका दिवसात नाही. मध्यंतरी दोनदा आईला उशीखाली डबी सापडली. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही. काळूचे रिकामे पोते मात्र तिने अजून उचललेले नाही.

आता दर रविवारी, अंघोळीनंतर, खिडकीच्या उजेडात अप्पा तोंड उघडतात आणि मी विजेरी धरतो. दोन्ही गाल, हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा: पाच मिनिटांचे काम. जनावराच्या बाबतीतही रीत हीच. ते शांत असताना ओठ एकेका बाजूने वर उचलावा, हिरड्या पाहाव्या, वास घ्यावा, मग आवडीचा घास द्यावा. लहानपणापासून सवय लावली, तर ते खळखळ करीत नाही. ते चावण्याची भीती असेल, तर हे काम वैद्यांवर सोपवावे. गाठ, न भरणारी जखम, रक्तमिश्रित लाळ, विनाकारण हलणारा दात, चेहऱ्याची एका बाजूस सूज, यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये. वैद्यांनी पंधरा दिवसांनी बोलावले असेल, तर पंधराव्याच दिवशी जावे.

तो विशेषांक यथाकाल निघाला. माझे वाक्य निर्दोष छापले गेले होते. ‘व्रण’ हाच शब्द मी कायम ठेवला होता.