मामूंची बेबसी

लहानपणी आमच्या चुडाव्यात दुकानात 'पेप्सी' मागितली, की दुकानदार बर्फाच्या पेटीतून प्लॅस्टिकची लांबुळकी नळी काढून हातात द्यायचा. आत गोठलेलं, रंगीत, गोड पाणी. दातानं टोक फाडायचं आणि चोखत चोखत शाळा गाठायची. या नावाचं अमेरिकेत काही वेगळंच पेय आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बाटलीतली पेप्सी पहिल्यांदा पाजली ती मामूंनी. ते सौदीत मजुरीला होते. सुट्टीवर आले तेव्हा आम्हा भाच्यांना रेल्वेनं नांदेडला घेऊन गेले. दुकानात ऐटीत म्हणाले, "चार बेबसी दो."

आम्ही पोट धरून हसलो. उर्दूत बेबसी म्हणजे लाचारी, अगतिकता. चार लाचाऱ्या, त्याही थंडगार!

"कायकू हंसते रे?" मामूंनी विचारलं. आपण काय बोललो, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

अरबी वर्णमालेत 'प' नाही. अरब माणूस त्याच्या जागी 'ब' म्हणतो आणि लिहितोही 'ब'च. पाकिस्तानचं बाकिस्तान होतं, पॅनाडॉल गोळीची बनादोल होते. 'व्ह'सुद्धा नाही, म्हणून सेव्हन-अपचं सेफन-अब. यात कुणाचा अपमान नसतो. जिभेला जे वळण नाही, ते ती घेत नाही. आमची दखनी तरी काय करते? अरबीतल्या घशातल्या 'क'चा सरळ 'ख' करून टाकते, आणि लखनौकडची माणसं आम्हाला हसतात.

पेप्सीनं हे सगळं खुशीनं सोसलं. 1990 मध्ये ती भारतात आली तेव्हा परदेशी नाव एकटं चालणार नव्हतं, म्हणून 'लहर पेप्सी' झाली. अर्जेंटिनात बरेच लोक तिला 'पेक्सी' म्हणत, तर 2009 मध्ये कंपनीनं तिथल्या जाहिरातींत स्वतःच 'पेक्सी' लिहून टाकलं. उलट कोरियाच्या ह्युंदाईनं 2023 मध्ये ब्रिटनमध्ये जाहिराती करून लोकांना आपलं नाव नीट कसं म्हणायचं ते शिकवलं. नाव वाकवायचं की लोकांची जीभ, हे कंपनी ठरवू शकते. तिच्याकडे पैसा असतो.

मामूंचं नाव 'प'नं सुरू होतं.

पासपोर्टवर इंग्रजीत ते बरोबर होतं. पण तिथल्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, अरबीत 'ब' आला. मुकादम त्याच नावानं हाक मारायचा, पगाराच्या वहीत तेच नाव, आणि काही वर्षांनी खोलीतले केरळचे, बिहारचे सोबतीही तेच म्हणू लागले. मामूंनी कधी दुरुस्त केलं नाही. नाव दुरुस्त करायला गेलेल्या मजुराला काम कोण देणार?

मग नाना वारले. अम्मीनं नांदेडहून फोन लावला. तिकडे कामाच्या ठिकाणच्या कार्यालयात कुणी अरब कारकून होता. अम्मी रडत रडत भावाचं नाव सांगत होती आणि तो म्हणत होता, या नावाचा इथे कुणी नाही. तिनं तीनदा फोन केला. निरोप पोहोचला तो दुसऱ्या दिवशी, गावातल्याच कुणाच्या ओळखीतून. एवढ्या लांबून मामू तसेही मातीला पोहोचले नसते. पण इकडे जनाजा उठला त्या वेळी ते तिकडे विटा उचलत होते. आपला बाप गेलाय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट अम्मी आजही विसरलेली नाही. त्यानंतर ती फोनवर भावाचं नाव 'ब'नंच सांगायला शिकली.

आता मामू कायमचे परत आलेत. संध्याकाळी मशिदीतून निघाले की ओट्यावर बसतात. परवा मी विचारलंच, "मामू, इतकी वर्षं भलत्याच नावानं हाक मारली, वाईट नाही वाटलं?"

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बुलाते थे ना बेटा. बुलाये तो जाना पडता." आणि जरा थांबून, "अब्बा के वखत किसीने बुलायाच नै."

मी शिक्षक आहे. वर्गात ऊसतोड कामगारांची, बंजारा तांड्यावरची, तेलंगणातून आलेली मुलं असतात. पटावर त्यांची नावं कुणी घाईत जशी ऐकली तशी लिहिलेली. इतकी वर्षं मी ती तशीच वाचत आलो आणि मुलंही 'हजर' म्हणत आली. या वर्षी पहिल्या दिवशी मी पट मिटून ठेवला आणि एकेकाला विचारलं, "घरी तुला आई काय म्हणून हाक मारते?"

सात नावं मी चुकीची म्हणत होतो.