तळटिपेतला जून

तापातून उठले आणि परदेशीपुऱ्यातल्या खोलीत प्रबंध पुन्हा उघडला. जून 1985च्या वस्त्रोद्योग धोरणाने न तगणाऱ्या गिरण्यांना बंद होण्याची वाट मोकळी केली, हे वाक्य मी दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललं होतं. तळटीप मात्र थेट धोरणाची! मंत्रालय, परिच्छेद क्रमांक, काहीच नाही. रात्रभर ते टोचत राहिलं.

परदेशीपुरा ही गिरणीकामगारांची वस्ती. हुकुमचंद मिल 1991मध्ये बंद पडली. आजोबांचा तिथला पितळी बिल्ला अजून खिळ्यावर आहे. त्यावर नाव नाही, नुसता नंबर. बोट फिरवलं, आकडे झिजलेत, तरी लागतात.

सकाळी तळटीप बदलली. आधी धोरण, मग ‘उद्धृत’, मग त्या पुस्तकाचं पान. मूळ प्रत अजून मिळालेली नाही.