रांजणाखालचा पाहुणा

२०१४ सालच्या जूनअखेरीस मी मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात मावशीकडे गेलो होतो. बडनेरा सोडले आणि गाडीच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीच्या भेगाच दिसू लागल्या. त्या जूनमध्ये देशभरात सरासरीहून ४० टक्क्यांवर पाऊस कमी पडला. मृगाच्या एका सरीवर भरवसा ठेवून काकांनी सरकी टोबली. मग आभाळ रुसले ते रुसलेच.

दुपारी पोरे धोंडी काढायला निघाली. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, धोंडी म्हणजे पावसाला घातलेले साकडे. अंगाला कडुलिंबाचा पाला, खांद्यावर मुसळ आणि मुसळाला बांधलेला बेडूक!

"काका, या फुफाट्यात बेडूक कुठला मिळायचा?" मी हसलो.

काकांनी रांजणाखालची ओलसर माती उकरली. वीतभर खाली एक गलेलठ्ठ, मातकट जीव निवांत बसला होता.

"पान्याची वाट पाह्यते हा, बापू."

शास्त्रज्ञ या जातकुळीला स्फेरोथेका म्हणतात. मागल्या पायांना फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती सारीत स्वारी पाठमोरीच खाली उतरते. असे बेडूक पाणी मूत्राशयात साठवतात, भोवतालची ओल कातडीने शोषतात. वर येण्याचा मुहूर्त ते पंचांगात पाहत नाहीत. ॲरिझोनातल्या अशाच भेकांवरचे प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाले. माती कोरडी असूनही मोटरच्या नुसत्या थरथरीने ते वर आले! जोराच्या पावसाचा ठोका जमिनीत असाच उतरतो. मग डबक्यात झटपट अंडी घालायची. पिलांना पाय फुटेपर्यंत डबके टिकले म्हणजे मिळवली.

"अन् डबके आटले तर?"

"पिल्लं जातात. बेडूक पुन्हा मातीत जाते, पुढच्या पान्याची वाट पाह्यते." काका थोडे थांबले. "माह्यापाशी थैल्या तेवढ्याच होत्या."

संध्याकाळी काकांनी पोरांकडून बेडूक मागून घेतला, रांजणापाशी ठेवला आणि तांब्याभर पाणी ओतले. बघता बघता तो मातीत दिसेनासा झाला.

जुलैच्या मध्यावर मावशीचा फोन आला. "रात्रभर बेडकं ओरडून राह्यले रे! अन् तुहे काका उसने पैसे घेऊन पुन्हा बियाणं आणाले अकोल्याले गेले."