वस्त्र आणि वास्तु

सांगली पाहावयास येणाऱ्यानें प्रथम आयर्विन पुलावर उभें राहावें. १९२९ सालीं खुल्या झालेल्या या पुलापाशीं कृष्णेची पातळी मोजतात. धोक्याची खूण ४५ फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. तेथून गणपतिमंदिराकडे वळावें. पटवर्धन संस्थानिकांच्या या देवालयाचा काळा पाषाण पाहिला, म्हणजे दगडास निराळ्या आवरणाची गरज नाहीं हें ध्यानांत येतें.

विटाचुन्याच्या घरांस मात्र ती आहे. जवळच्या गांवभागांत शिरलें कीं कोठें गिलावा, कोठें गुळगुळीत फरशी, कोठें पातळ दगडी पट्ट्या दिसतात. आमचें घर त्यांतलेंच. २००५ चा पूर ओसरल्यावर दिवाळीपूर्वीं घर साजरें दिसावें म्हणून आम्हीं ओल्या भिंतींवरच सिमेंटानें फरशी बसविली. वडील बंधु म्हणाले, "अरे, भिंत आधीं वाळूं दे." आम्हीं ऐकलें नाहीं. ओल आंत कोंडली, लोणा धरला, विटा भुसभुशीत झाल्या. आणि एके रात्रीं दारावरची फरशी निखळून ओट्यावर पडली. सायंकाळीं तेथेंच नातवंडें खेळलीं होतीं!

२०१९ नंतर तो मोह आवरला. पुतण्यास दगडी पट्ट्या हव्या होत्या. परंतु खचलेली भिंत तें ओझें कसें पेलणार? सर्व सिमेंट खरवडून भिंती उन्हाळाभर उघड्या ठेविल्या आणि मग चुन्याचा गिलावा केला. तो ओल बाहेर जाऊं देतो. दगड जोत्यापुरताच लाविला, त्याच्या दर्जाही चुन्यानेंच भरल्या.

ज्यांची भिंत भक्कम व कोरडी असेल, त्यांनीं दगड किंवा फरशी खुशाल लावावी. मात्र गवंड्याकडून ओळंबा धरवावा. मागें पोकळी राहूं देऊं नये. उंचावरील जड दगड न गंजणाऱ्या आंकड्यांनीं भिंतीशीं जखडावा. वर्षांतून एकदां, मृगापूर्वीं, बोटानें वाजवून पाहावें. बद्द आवाज आला तर ती फरशी काढून पुन्हा बसवावी. दर्जा फुटल्या असतील तर भराव्या. धुण्यास साधें पाणी व मऊ कुंचा पुरे. ॲसिड वापरूं नये.

संस्कृतांत वस् असे दोन धातु आहेत: एकाचा अर्थ नेसणें, दुसऱ्याचा राहणें. पहिल्यापासून वस्त्र, दुसऱ्यापासून वास्तु. हें आम्हीं वर्गांत कित्येकदां शिकविलें; समजलें उशिरा. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हा जोत्यावर चढलें, आणि ओसरल्यावर भिंत आपली आपणच वाळली. तें पाहावयास आमचे बंधु मात्र राहिले नव्हते.