बाई, औंदा कधी हाय?

बरेच दिवस झाले काही लिहून. संधिवात, पाहुणे, लग्नसराई, कारणं नेहमीचीच. पण गेल्या रविवारी नातीशी बोलले आणि वर्षभर मनात घोळणारी एक गोष्ट लिहून टाकावी असं वाटलं.

ही नात म्हणजे माझ्या पुतणीची मुलगी. न्यू जर्सीत असते, नववीत आहे, शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. २०२५ च्या जानेवारीत व्हिडिओ कॉलवर ती अक्षरशः नाचत होती. "आजी, मायामीला नवी लीग सुरू झाली! फक्त बायकांची! आणि तीही ऑफ सीझनमध्ये!"

मी विचारलं, "ऑफ सीझन म्हणजे बिगरहंगाम ना गं?" तिला तो शब्द कळेना आणि मला तिची लीग. पण बिगरहंगाम मला चांगला ठाऊक आहे. आम्हा कोल्हापूरकरांना हंगाम म्हटलं की एकच आठवतो, साखर कारखान्याचा. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी धुराडं थंड होतं. मग जे कायम कामगार असतात त्यांचं ठीक चालतं. हंगामी असतात त्यांना पुढच्या मोळीपर्यंत पगाराचा थोडा हिस्सा मिळतो आणि बाकी रोजगार शोधावा लागतो.

नातीने समजावून सांगितलं तेव्हा लक्षात आलं, अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्या मुलीही इतकी वर्षं हंगामी कामगारच होत्या! त्यांची डब्ल्यूएनबीए ही मोठी लीग १९९७ पासून उन्हाळ्यात चालते. हंगाम संपला की यातल्या कितीतरी जणी थंडीत रशिया, तुर्कस्तान, चीन इथे खेळायला जात. हौस म्हणून नव्हे, तिकडे पैसे जास्त म्हणून. दायना तौरासी नावाच्या नामांकित खेळाडूने २०१५ साली घरचा हंगामच सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने विश्रांती घेण्याचे तिला पैसे दिले. स्वतःच्या रानात राबू नकोस म्हणून शेजारच्या गावच्या पाटलानं मजुरी द्यावी, तसला प्रकार. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनी ग्राइनर ही खेळाडू अशीच रशियात क्लबकडून खेळायला गेली असताना मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाचं तेल सापडलं म्हणून शिक्षा झाली. डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल होऊन ती सुटली तेव्हा कुठे घरी आली.

नातीच्या या नव्या लीगचं नाव अनरायव्हल्ड. ती काढली दोन खेळाडूंनीच, नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट. सहा संघ, छत्तीस खेळाडू. एका बाजूला पाच नाही, तीनच जणी. मैदान आखूड. चौथ्या डावाला घड्याळच नाही, ठरलेले गुण जो संघ आधी करील तो जिंकला. सरासरी पगार दोन लाख डॉलरच्या वर. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खेळाडूंना लीगमध्ये मालकीचा हिस्सा. मी म्हटलं, "म्हणजे सहकारी कारखान्याच्या सभासद की गं त्या!" तिला यातलं काही कळलं नाही. पण आजी खूश आहे एवढं कळलं.

फोन ठेवला आणि मला एक सायकल आठवली. माझ्या शाळेच्या फाटकाशी टेकवून ठेवलेली.

साल १९८७. मी शिकवत होते मराठी आणि इतिहास. पण मुलींच्या कबड्डी संघाबरोबर परगावी जायला एक बाई हवी, म्हणून मुख्याध्यापकांनी तो संघ माझ्या गळ्यात घातला. मला त्यातलं काही येत नव्हतं. लहानपणी हुतूतू खेळलेली होते तेवढीच. शिट्टी पी.टी.चे सर वाजवायचे, मी पाण्याचा डबा आणि डबे-दप्तरं सांभाळायची.

त्या संघात एक मुलगी होती. पंचगंगेपलीकडच्या खेड्यातून एस.टी.ने यायची. अंगाने काडी. ओढणी कमरेला करकचून बांधून ती चढाईला निघाली की समोरच्या सात जणी आपोआप मागे सरकायच्या. पकडीत सापडली तरी दम सोडायची नाही, जमिनीवर सरपटत मध्यरेषेला बोट लावायची. गुडघे कायम फुटलेले. जिल्ह्याला आम्ही तिच्या जिवावर जिंकलो आणि दहावीच्या वर्षात राज्य संघाच्या निवड शिबिरासाठी तिचं नाव आलं.

तिचे वडील सायकलवरून शाळेत आले. कारखान्यात हंगामी कामगार होते. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर बसले. मी शिबिराचं पत्र वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, औंदा खेळंल ती. फुडल्या सालाचं काय?"

मी म्हटलं, रेल्वे खेळाडू मुलींना नोकरी देते. बँकाही घेतात. त्यांनी विचारलं, "आपल्या शाळंतली कोन लागली हाय?"

कुणीच नव्हती लागलेली.

"मी सोता हंगामी हाय बाई," ते म्हणाले. "सा म्हयनं काम, सा म्हयनं वाट बघायची. पोरीलाबी त्यातच घालू व्हय?"

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे." एवढंच. ती वर्गाच्या दाराआड उभी होती, हे मला नंतर कळलं. दहावी झाली. दोन वर्षांनी पत्रिका आली. मी लग्नाला गेले, आहेर केला, जेवून आले.

नंतर अधूनमधून भेट व्हायची. महाद्वार रोडला, कधी एस.टी. स्टँडवर. खेळाचा विषय ती काढायची नाही, मीही नाही.

मग २०१६ चा जुलै. रात्री तिचा फोन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बाई, टीव्ही लावा! बायकांची कबड्डी लागलीया!"

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली होती, ती पुरुषांची. २०१६ च्या मोसमात तिच्या जोडीला महिलांची एक स्पर्धा घेतली होती, तीन संघांची. फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स आणि आइस दिवाज. आइस दिवाजची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक आपण जिंकला, त्या संघातली. तोच झगमगाट, तोच निळा-नारिंगी उजेड, तीच गाणी, आणि मॅटवर बायका! अंतिम सामना हैदराबादला ३१ जुलैला झाला. तेजस्विनी बाईच्या स्टॉर्म क्वीन्सनी ममता पुजारीच्या फायर बर्ड्सना २४-२३ असं हरवलं. एका गुणाने! मी घरात एकटी ओरडत होते, शेजारीण बघायला आली.

पुढच्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी घरी आली. पिशवीत मक्याची कणसं आणि बरोबर तेरा वर्षांची धाकटी लेक. "हिला बी खेळायचं हाय, बाई. म्या न्हाई म्हणनार न्हाई." गावातल्या मंडळाच्या पोरांबरोबर मुलींचाही सराव सुरू झाला होता. मुलीच्या गुडघ्याकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही फुटलेले.

२०१७ च्या जुलैत पुन्हा फोन. "बाई, औंदा बायकांची कधी हाय?" मी पेपर धुंडाळले, नातवंडांनी शिकवल्याप्रमाणे कॉम्प्युटरवर शोधलं. पुरुषांचे संघ त्या वर्षी आठाचे बारा झाले होते. बायकांचे तीन होते, त्यांचा पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "या वर्षी दिसत नाही गं. पुढच्या वर्षी असेल." २०१८ ला परत तोच फोन, परत माझं तेच उत्तर. २०१९ ला फोन आला नाही.

ती तीन संघांची स्पर्धा पुन्हा झाली नाही ती झालीच नाही.

यात कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. लीग चालवायला कोट्यवधी रुपये लागतात, जाहिरातदार लागतात, टीव्हीवर वेळ लागते. पण क्रिकेटकडे पाहिलं की वाटतं, पैशाइतकाच चिवटपणाही लागतो. त्यांनीही सुरुवात अशीच बारकीशी केली होती. २०१८ साली वानखेडेवर महिलांचा एकच प्रदर्शनीय सामना. २०१९ साली जयपूरला तीन संघ. २०२० ला, ऐन कोरोनात, शारजाला. २०२१ हुकलं, पण २०२२ ला आपल्या पुण्याजवळ गहुंज्याला परत झाली. आणि २०२३ च्या मार्चमध्ये नवी मुंबईत खरीखुरी महिला प्रीमियर लीग उभी राहिली. पाच संघ विकले गेले ४,६६९ कोटी ९९ लाखांना. लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूने ३ कोटी ४० लाखांना घेतलं. मी क्रिकेटवाली नाही, पण त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बाप्यांनी तो आकडा उच्चारताना केलेला चेहरा मी विसरणार नाही. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी विश्वचषकही जिंकला, त्याच नवी मुंबईत.

तीन संघ दोघांचेही होते. एकाचं पुढचं वर्ष आलं, एकाचं आलं नाही. फरक मला तरी एवढाच दिसतो.

बरं, कबड्डीच्या मुली काही कमी पडल्या म्हणावं तर तसंही नाही. २०१० आणि २०१४ च्या एशियाडला सुवर्ण. २०१८ ला इराणकडून हरल्या, रौप्य मिळालं. आणि हांगझोउच्या एशियाडमध्ये, ७ ऑक्टोबर २०२३ ला, तैवानच्या मुलींना २६-२५ असं हरवून पुन्हा सुवर्ण. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं! एक दिवस सगळ्या पेपरांच्या पहिल्या पानावर कबड्डीच्या मुली होत्या. दुसऱ्या दिवशी नव्हत्या.

असो. अमेरिकेतलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. त्या छत्तीस जणी आधीच नावाजलेल्या, त्यांच्यामागे पैसेवाले उभे राहिले. नाव नसलेल्या पोरीला तिथेही दार उघडं नाही. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर ओळखली. त्यांनी नुसता जास्त पगार मागितला नाही, तर घराजवळ खेळता येईल असा बिगरहंगामातला रोजगार उभा केला आणि त्यात स्वतः वाटेकरी झाल्या. पुढच्या वर्षी होणार की नाही, हे ठरवायला बसतात तिथे आता त्यांचीही खुर्ची आहे.

इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या सायकलवाल्या बापाचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही शिक्षक तेव्हा अशा बापांना 'अडाणी' म्हणून मोकळे व्हायचो. तो अडाणी नव्हता. हंगामी म्हणजे काय हे त्याच्याइतकं शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. चुकलं ते माझं उत्तर. "तुमचंही बरोबर आहे" असं म्हणून मी सुटले. "फुडल्या सालाचं मी बघते, तुम्ही औंदा तिला पाठवा," असं म्हणायला हवं होतं. रेल्वेच्या संघाला पत्र लिहायला, तिथल्या कुणाला भेटायला, तिला अकरावीला खेळ असलेल्या कॉलेजात घालायला मला कुणी अडवलं होतं? काही झालं असतं किंवा नसतंही. पण पुढचं वर्ष कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. ते आपोआप येत नाही. आणि मी २०१७-१८ लाही तेच केलं. "पुढच्या वर्षी असेल" म्हणत बसले.

तिची लेक आता पोलिसात आहे. खेळाडूंच्या कोट्यातून नव्हे, साध्या भरतीतून. धावण्यात पैकीच्या पैकी गुण पडले म्हणे. कबड्डी सुटली. आईला विचारलं तर म्हणते, "कायम हाय बाई, कायम! आबा असतं तर नाचलं असतं." ती हे मनापासून म्हणते, आणि मलाही आनंदच आहे.

परवा रविवारी नातीचा फोन होता. या जानेवारीत तिच्या लीगचा दुसरा हंगाम सुरू झाला. सहाचे आठ संघ झाले. ती नव्या संघांची नावं, कोण कुठे गेली, कुणाचा घोटा दुखावला, असं बरंच काही सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. दुसरं वर्ष आलं, एवढंच मी धरून बसले होते.

फोन ठेवल्यावर मी माझ्या विद्यार्थिनीला फोन लावला. म्हटलं, "तुमच्या गावात मुलींचा सराव अजून चालतो का गं?"

"चार-पाच पोरी येत्यात बाई. का वो?"

"कोण शिकवतं?"

थोडा वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "मीच जातो की सांजचं. तुमास्नी सांगितलं न्हाई."

येत्या शनिवारी मी जाणार आहे. गुडघे दुखतात, पण एस.टी. दारापर्यंत जाते. पाण्याचा डबा आणि दप्तरं सांभाळायला मला अजून जमतं. आणि या वेळी जाताना पोरींच्या बापांचे फोन नंबर लिहून घ्यायला वहीही नेणार आहे.