नव्या पट्टीवर आळ

उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला प्रश्नपत्रिकाही बहुधा स्वतःच टाईप करावी लागते. दहावीची सराव परीक्षा जवळ आली होती, म्हणून चार जीबीच्या लॅपटॉपला आणखी आठ जीबी मेमरीची पट्टी दुकानातून बसवून घेतली. झालं उलटंच. इनपेजमध्ये एक ओळ टाईप करून चहाचा घोट घ्यावा, तेव्हा कुठं अक्षरं उमटायची.

"पट्टी जुळत नाही सर, नवा लॅपटॉपच घ्या," दुकानदार म्हणाला. महिनाअखेरीस हे ऐकवेना. शिवाय मोहल्ल्यात चोरी झाली की नव्या भाडेकरूकडं बोट दाखवतात, तसलाच हा न्याय!

विंडोजची मेमरी चाचणी लावली. एकही चूक निघाली नाही. दोन पट्ट्यांची गती वेगळी असली तर दोन्ही धिम्या गतीनं चालतात हे खरं, पण तेवढ्यानं यंत्र असं आडवं पडत नाही. टास्क मॅनेजर उघडला. २.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ०.८ वर अडकलेला! तळाला हात लावला, तर तापलेला तवा. पंख्याचा आवाजच नाही.

लॅपटॉप बंद केला, मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीची पिन सोडवली. पट्टी बसवताना पंख्याची पिन निसटलेली होती. हवा मिळेना म्हणून बिचारा प्रोसेसर जळू नये यासाठी स्वतःच हळू चालत होता. पिन दाबली, पंखा घुमू लागला, आकडा पुन्हा २.४ वर गेला.